मोठ्या शब्दांना बंदी

रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा अजून टेबलावर असतानाच, संचितावर बंदी घालण्यात आली.

"आज तिकडे गेल्यावर मोठे शब्द वापरायचे नाहीत," पराग म्हणाला. "एकही नाही. समजलं?"

तिसरीतल्या त्याच्या लेकीने चमचा खाली ठेवला. "बंदीची मुदत काय?"

"घरी परत येईपर्यंत."

"अपवाद?"

"अजिबात नाही."

"मग निदान कारणमीमांसा तरी सांगा."

परागने रसिकाकडे पाहिलं, रसिकाने सासऱ्यांकडे पाहिलं आणि सासऱ्यांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला. कारण या दुखण्याचं मूळ त्या पेपरामागेच बसलेलं होतं.

हरिश्चंद्ररावांनी उभा जन्म एका सरकारी कचेरीत पत्रांचे मसुदे लिहिण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली सोडून ते मुलांबरोबर भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहायला आले आणि इथे त्यांची पंचाईत झाली. खालच्या मजल्यावर गुजराती, वरच्या मजल्यावर राजस्थानी, समोरच्या दारात कानपूरचे मिश्राजी. सगळी माणसं चांगली, पण 'सदरहू', 'तूर्तास' आणि 'यथावकाश' हे शब्द खर्च करायचे कुणावर? शेवटी ते नातीवर खर्च झाले. संचिता इंग्रजी शाळेत जाणारी, त्यामुळे हे लांबलचक जोडाक्षरी शब्द तिला चॉकलेटसारखे लागले. शब्द तोंडात घोळवायचा, अर्थ पक्का विचारून घ्यायचा आणि त्याच दिवशी कुणावर तरी वापरून मोकळं व्हायचं, असा तिचा शिरस्ता. शिवाय ती शब्द कधीच चुकीचा वापरत नसे. चुकीचा वापरला असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं.

डब्यात दुधीची भाजी निघाली की, "आई, माझा घोर भ्रमनिरास झाला." मराठीच्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं की, "बाई, माझी बाजू न ऐकणं न्यायोचित नाही." घरातले कौतुकाने फुलून जात. पाहुणे आले की पराग स्वतःच तिला पुढे करी, "बेटा, काकांना तो नवा शब्द म्हणून दाखव." हे कौतुक रसिकाची मावशी येईपर्यंत टिकलं. मावशीने दारातच विचारलं, "काय गं, ओळखलंस का मला?" संचिता म्हणाली, "हो. पण तुमच्यात लक्षणीय वाढ झाली आहे." मावशी चहा न घेता सिल्व्हर पार्कला आपल्या घरी परत गेली.

आजचा मामला मावशीपेक्षा फार मोठा होता. परागचा धाकटा भाऊ नीरज जवळच्याच गोडदेव गावातल्या पूर्वी नावाच्या मुलीच्या प्रेमात होता. दोघं एकाच बँकेत कामाला. पूर्वीचे वडील काळूरामभाऊ मूळचे इथलेच, एके काळी भातशेती आणि मिठागर असलेले. प्रेमाला त्यांची हरकत नव्हती. "पन मानसं बघीन, मंग सांगीन," एवढंच ते म्हणाले होते.

आणि माणसं बघण्याच्या बाबतीत त्यांना एकदा जबर चटका बसला होता. दोनेक वर्षांपूर्वी पूर्वीला मुंबईचं एक स्थळ आलं होतं. तिची आई रखमाबाई आपल्या बोलीत जेवणाचा आग्रह करत असताना मुलाच्या बहिणीने फिस्सकन हसून तोंडाला रुमाल लावला. काळूरामभाऊ उठले, हात जोडले आणि म्हणाले, "पानी पिऊन निघा." ते स्थळ तिथेच संपलं.

ही हकिगत नीरजने घरी सगळ्यांना सांगितली होती. "बाकी काय वाटेल ते करा," तो म्हणाला होता, "पण आपण त्यांना कमी लेखतोय असं त्यांना वाटता कामा नये. नाहीतर माझं लग्न गेलं." एवढं बजावून तो आज सकाळीच केस कापायला आणि पेढे आणायला निघून गेला. थांबून पुढची चर्चा ऐकली असती, तर बिचाऱ्याच्या जिवाला एवढा घोर लागला नसता.

कारण कमी कसं लेखायचं नाही, यावर घरात फार कसून विचार झाला होता. साध्या माणसांकडे साधं जावं, असं रसिकाला वाटलं. तिने पैठणी कपाटात परत ठेवली आणि गिरणीत दळण टाकायला जाताना नेसायची ती सुती साडी काढली. परागने रात्र रात्र मोबाईलवर आगरी-कोळी लग्नांचे व्हिडिओ पाहून तिकडच्या बोलण्याची तयारी केली. आणि हरिश्चंद्ररावांनी निर्णय दिला, "त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावं. त्यामुळे जवळीक निर्माण होते." मग जवळीक आणखी वाढावी म्हणून ते एक पांढरी टोपी शोधून घेऊन आले. आपण किती समजूतदार माणसं आहोत, या विचाराने तिघांनाही सकाळपासून बरं वाटत होतं.

"कारणमीमांसा," संचिताने आठवण केली.

"कारण ती साधी माणसं आहेत, बाळा," पराग तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला. "तुझे शब्द त्यांना कळणार नाहीत. मग त्यांना वाईट वाटेल."

"अच्छा. म्हणजे अनुकंपा."

"तो शब्दसुद्धा नाही!"

संचिताने ओठ मिटले. ही कारणमीमांसा तिथे कुणाला सांगायची नाही, एवढी एक सूचना मात्र द्यायची राहून गेली.

इंद्रलोकपासून गोडदेव ते किती लांब! चालत गेलं तरी घाम यायच्या आत पोचता येतं. पण इतक्या वर्षांत त्या गल्लीत आत जायची वेळ कुणावर आली नव्हती. गाव म्हटल्यावर हरिश्चंद्ररावांच्या डोळ्यांसमोर शेणाने सारवलेलं अंगण आलं होतं. रिक्षा थांबली ती ग्रॅनाइटच्या खांबांच्या तीन मजली बंगल्यासमोर. दारात दोन गाड्या होत्या आणि फाटकावर पितळी अक्षरांत काळूरामभाऊंचं नाव. रसिकाने बंगला पाहिला, मग खाली आपली साडी पाहिली. पदरावर हळदीचा डाग होता. रिक्षा वळवून घरी जावं असं तिला फार वाटलं, पण रिक्षावाला निघून गेला होता.

नीरज पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकाशीच उभा होता. "अप्पा, हे डोक्यावर काय?"

"टोपी."

"आपल्या घरात टोपी कधी होती?"

उत्तर मिळायच्या आत दार उघडलं. दारात काळूरामभाऊ कडक इस्त्रीच्या सफारीत उभे होते, अत्तराचा वास पार फाटकापर्यंत येत होता. शेजारी रखमाबाई, हिरव्यागार रेशमी साडीत, कोपरापर्यंत सोन्याने भरलेल्या. त्यांच्या मागे पूर्वी, परीक्षेचा निकाल लागायच्या बेतात असल्यासारखी.

हरिश्चंद्ररावांनी घसा साफ केला. "रामराम पाव्हणं! कसं काय, बरं हाय न्हवं?"

काळूरामभाऊ क्षणभर थबकले. मग छाती पुढे काढून एका दमात म्हणाले, "आपणां सर्वांचे सहर्ष स्वागत असो. कृपया स्थानापन्न व्हावे."

त्यांच्या मागे पूर्वीचे ओठ त्याच शब्दांबरोबर हलत होते.

संचिताचे डोळे मोठे झाले. 'स्थानापन्न' हा शब्द तिच्या संग्रहात नव्हता. तिने आईचा हात ओढला, पण बंदी आठवून गप्प बसली.

सगळे सोफ्यावर स्थानापन्न झाले. आता जवळीक निर्माण करण्याची पाळी परागची होती. त्याने चौफेर पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "एकदम कडक बंगला हाय, नाखवा!"

मागे आणखी कोणी आलंय का, हे काळूरामभाऊंनी वळून पाहिलं. नाखवा म्हणजे होडीचा मालक. काळूरामभाऊंच्या सात पिढ्या चिखलात आणि मिठात राबलेल्या, होडी त्यांनी कधी बाळगली नव्हती. पण पाहुण्याला तोडून बोलायचं नाही असं ठरलेलं असावं, म्हणून ते नुसतेच हसले.

"दादा, काय चाललंय तुझं?" नीरज त्याच्या कानाशी कुजबुजला.

"जवळीक निर्माण करतोय."

"नको करूस!"

काचेच्या टेबलावर बशा येऊ लागल्या. ढोकळा, सामोसे, चिवडा, शंकरपाळे, काजूकतली, लाडू, केळ्याचे वेफर्स. टेबल भरलं, तरी येतच राहिल्या. काळूरामभाऊ म्हणाले, "कृपया अल्पोपाहाराचा स्वीकार करावा." आतल्या खोलीतून मात्र तळलेल्या बोंबलांचा असा काही खमंग वास येत होता की गिरगावात मासळीवर वाढलेल्या हरिश्चंद्ररावांचं अर्धं लक्ष तिकडेच लागलं होतं. बोंबील टेबलावर येण्याची काही चिन्हं दिसेनात. त्यांनी निमूट ढोकळा उचलला.

"मंग? पाऊसपानी कसं काय म्हंतंय औंदा?"

"यंदा पर्जन्यमान समाधानकारक आहे."

"अन् पिकं?"

काळूरामभाऊंनी पूर्वीकडे पाहिलं. पूर्वीने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून जिकडे पाहावं तिकडे इमारतीच दिसत होत्या.

"तूर्तास पिके नाहीत," काळूरामभाऊ म्हणाले. "इमारती आहेत."

'तूर्तास' ऐकून हरिश्चंद्ररावांनी ढोकळा बशीत परत ठेवला. भाईंदरला आल्यापासून त्यांना कुणी हा शब्द ऐकवला नव्हता. "वा, काय शब्द योजलात!" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी मोठ्या कष्टाने ते गिळलं आणि म्हणाले, "आसं हाय व्हय!"

असं बराच वेळ चाललं. इंद्रलोकची माणसं कुणीच कधी बोलत नाही अशी गावंढळ भाषा बोलत होती आणि गोडदेवचा माणूस लग्नपत्रिका वाचल्यासारखा बोलत होता. दोन्हीकडे घाम फुटला होता. रखमाबाई तर आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. चेहऱ्यावर एकच हसू ठेवून त्या बसल्या होत्या, अधूनमधून लाडवाची बशी संचितापुढे सरकवत होत्या आणि संचिता तितकीच गप्प राहून लाडू घेत होती. दोघींचं चांगलं जमलं होतं.

"आपली कन्या अबोल दिसते," काळूरामभाऊ कौतुकाने म्हणाले.

"हो ना," रसिका घाईने म्हणाली. "फार लाजाळू आहे. कुणाशी बोलतच नाही."

इथे घोटाळा झाला. संचिता बंदी सोसत होती, पण खोटा आरोप सोसण्यातली ती नव्हती. तिने लाडू खाली ठेवला.

"मी अबोल नाही," ती म्हणाली. "मी वाचाळ आहे. आज मला प्रतिबंध आहे."

"संचिता, लाडू खा," पराग म्हणाला.

"प्रतिबंध?" काळूरामभाऊ पुढे झुकले. "कसला प्रतिबंध?"

"मोठ्या शब्दांचा. तुम्ही साधी माणसं आहात ना, म्हणून. तुम्हाला आकलन होणार नाही आणि मग वाईट वाटेल, असं बाबा म्हणाले." एवढं सांगून ती आनंदाने बापाकडे वळली. "पण बाबा, यांना तर सगळंच आकलन होतंय! स्थानापन्न येतं, पर्जन्यमान येतं. आता बंदी शिथिल करा ना."

परागला वाटलं, सोफा फाटावा आणि आपण आत जावं.

"लहान आहे हो," रसिका कसंबसं हसली. "काहीतरीच बोलते."

"काहीतरीच नाही!" संचिताला आता खरोखरच राग आला. "आजोबा तरी घरी असं बोलतात का? घरी ते 'उपरोक्त' म्हणतात. ते पण तुमच्यासाठीच साधं बोलतायत. आणि आईने पैठणी परत ठेवून दळणाची साडी नेसली. आणि आजोबांची ती टोपी त्यांची नाहीच आहे, माझी आहे. फॅन्सी ड्रेसची. मी शेतकरी झाले होते."

सगळ्यांच्या नजरा टोपीकडे गेल्या. ती हरिश्चंद्ररावांना दोन बोटं लहान होती, हे आता सगळ्यांनाच दिसलं.

काळूरामभाऊ सावकाश उठून उभे राहिले. नीरजचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठून उभे राहिले की पुढे काय होतं, हे त्याला पूर्वीने सांगितलेलं होतं. पेढ्यांचा पुडा अजून त्याच्या मांडीवरच होता, न उघडलेला.

"शेतकरी झाली व्हतीस?" काळूरामभाऊंनी संचिताला विचारलं. लग्नपत्रिकेची भाषा गळून पडली होती.

"हो. मला दुसरा क्रमांक मिळाला."

"पयला कोनाला?"

"परीला. म्हणजे जी परी झाली होती तिला."

काळूरामभाऊंनी मान डोलावली आणि मग मोठ्या माणसांकडे पाहिलं. "म्हंजे आमाला कलनार न्हाय. आमाला वाईट वाटंल. आमच्याकडं यायचं तर दलनाची साडी चालते, आन पोरीची टोपी चालते." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर परागला बरं वाटलं असतं. "त्या मुंबैच्या पोरीनं तोंडाला रुमाल तरी लावला व्हता."

परागने मान खाली घातली. आयुष्यात तो पुष्कळदा ओशाळला होता, साहेबांसमोर, शाळेत, एकदा तर भर लग्नमंडपात. पण ही लाज निराळीच होती. आपण हसणार नाही, आपण तसले नाही, असं तो सकाळपासून घोकत होता. आणि तसं घोकता घोकता त्याने रुमाल लावणाऱ्या पोरीपेक्षा जास्तच केलं होतं. शिवाय हे सगळं त्याच्या लाडक्या लेकीने सांगितलं होतं, एकही शब्द न चुकता. तिला रागवायची सोयच नव्हती.

हरिश्चंद्रराव उठले. प्रसंग बाका होता आणि अशा वेळी त्यांच्या मदतीला जन्मभराची नोकरी धावून येई. "काळूरामभाऊ," ते म्हणाले, "आमच्याकडून अनवधानाने जी काही त्रुटी झाली असेल, तिच्याबद्दल तीव्र दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

"कोण करतंय, आजोबा?" संचिताने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

हरिश्चंद्ररावांनी आयुष्यात दिलगिरीची शेकडो पत्रं लिहिली होती. त्यातल्या एकातही दिलगीर झालेला माणूस नव्हता. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती कुठे ठेवावी हे न कळून हातात चुरगाळली आणि इतक्या हळू बोलले की मुलांना त्यांचा आवाज ओळखू येईना.

"मी," ते म्हणाले. "मी करतोय. चुकलं माझं. लाज वाटते मला."

"माझंही चुकलं," पराग जमिनीकडे बघत म्हणाला.

रसिकाने हळदीचा डाग मुठीत धरून ठेवला होता आणि तिचे डोळे भरून आले होते.

काळूरामभाऊ तरीही उभेच होते. त्यांचे दोन्ही हात हळूहळू जवळ येऊ लागले, जोडण्यासाठी. नीरजने डोळे मिटून घेतले.

"अगो बाय माजे!" असा एक दणदणीत आवाज झाला, आणि सगळे दचकले, कारण तो रखमाबाईंचा होता. त्या संचिताकडे बघत होत्या. "पोरी, तुला पन बंदी?"

"हो. तुम्हाला पण?"

"मना पन! सकालपासून तोंड शिवून बसलंय. ही पूर्वी बोल्ली, आये, तू एक शबुद बोलाचा न्हाय. तुजा हाय-न्हाय आयकून पावने हसतील. आन बोंबील भाकर भायेर आनाची न्हाय, ढोकला ठेवाचा. हिच्या बापाला तर आठ दिस झाले, जुन्या लग्नपत्रिका वाचून वाचून पाट करत बसलाय. रातचा झोपंत पन बोलतो, क्रुपया थानापन व्हावे!"

काळूरामभाऊंचे हात जिथल्या तिथे थांबले. आता कान लाल होण्याची पाळी त्यांची होती.

"आई..." पूर्वीने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "परत कुणी तुला हसू नये म्हणून केलं गं मी. त्या दिवशी तू रात्रभर रडली होतीस."

"मंग आज मी बोलली असती आन कोन हसला असता, तर त्याला मी बघून घेतला असता," रखमाबाई म्हणाल्या. "पन माज्याच लेकीनं माजा तोंड बंद केला, ते मना त्या रुमालापेक्षा लागला." मग पूर्वी रडायला लागलेली पाहून त्यांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर चांगली थाप मारली. ती थाप प्रेमाची होती, पण जोरात होती.

आता खोलीत मान वर असलेली माणसं दोनच उरली. ज्यांच्यावर बंदी होती ती. बाकीचे सगळे फरशी बघत होते, आणि फरशी तशी बघण्यासारखीच होती, इटालियन.

हात जोडावेत की सोडावेत हे न कळून काळूरामभाऊंनी ते सफारीच्या खिशात घातले आणि मटकन खाली बसले. काहीतरी बोलायला हवं, म्हणून ते संचिताला म्हणाले, "बरं, तुजी बंदी उठली. सांग बगू, तुज्याकडचा सगल्यात मोटा शबुद कनचा?"

संचिताने बापाकडे पाहिलं. बापाने दमून मान हलवली. तिने दीर्घ श्वास घेतला.

"किंकर्तव्यमूढ."

"म्हंजे?"

"म्हणजे आता पुढे काय करावं हे ज्याला सुचत नाही, असा माणूस." अर्थ नीट पोचावा म्हणून तिने उदाहरणं दिली. बोट एकेकाकडे फिरलं. "आजोबा. आई. बाबा. नीरजकाका. पूर्वीकाकू." पूर्वी अजून काकू झालेली नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बोट काळूरामभाऊंपाशी येऊन थोडं अडखळलं. "आणि थोडेसे तुम्ही पण."

पहिल्यांदा रखमाबाई हसल्या. त्या हसल्या त्या अशा की बांगड्या वाजल्या, लाडवाची बशी हलली. मग पूर्वी रडता रडता हसली. काळूरामभाऊंनी हसू दाबायचा बराच प्रयत्न केला, पण सफारीच्या गुंड्या हलू लागल्यावर तो सोडून दिला. हरिश्चंद्रराव हसले नाहीत. ते टोपी हातात धरून तसेच उभे होते.

"बसा आता," काळूरामभाऊ त्यांना म्हणाले. "मानसं बघीन बोललो व्हतो, बगितली. चुकलं म्हनाला तुमाला जमतं, ते पुरं झालं. पन एक अट हाय."

नीरज पेढ्यांचा पुडा सोडायला लागला होता, तो थांबला.

"आमची बोली बोलाची तर आदी शिकून घ्या. ते रामराम पाव्हनं घाटावरचं हाय, आमचं न्हाय. तवर जे तुमचं हाय तेच बोला, आमाला कलतं. आन तू रं," ते परागकडे वळले, "मना नाखवा म्हनू नको. मी होडीत बसलो तो जल्मात एकदा, वऱ्हाड घेऊन जाताना, आन बाजूच्या पावन्याच्या अंगावर वकलो."

"होय, काळूरामभाऊ," पराग म्हणाला.

"रखमे, आन तुजे बोंबील."

बोंबील आले, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, पेढ्यांचा पुडा एकदाचा उघडला. हरिश्चंद्रराव तीन भाकऱ्या जेवले, पण जेवणभर त्यांनी वर पाहिलं नाही. रसिका ताटं उचलायला आत गेली तेव्हा रखमाबाईंनी तिच्या पदरावरचा डाग पाहिला, काही न बोलता स्वतःच्या हाताने लिंबू लावून तो काढून दिला आणि रसिकाला पुन्हा नव्याने रडू आलं.

साखरपुडा दिवाळीनंतर गोडदेवलाच झाला. मधल्या काळात संचिताचा मुक्काम सुट्टीच्या दिवशी रखमाबाईंकडेच असे. तिने तिथून त्यांच्या बोलीतलं नेमकं काय काय आणलं ते घरच्यांना रोज जेवताना ऐकू येत होतंच. पण तिने तिथे काय ठेवलं होतं, ते कुणाला माहीत नव्हतं.

मंडपात गोडदेवची आळीच्या आळी लोटली होती. रसिकाने पैठणी नेसली होती. हरिश्चंद्रराव बोडक्याने आले होते. काळूरामभाऊंनी माईक हातात घेतला, हरिश्चंद्ररावांना खांद्याला धरून पुढे ओढलं आणि गावासमोर उभं केलं.

"ह्ये आमचे व्याही," ते म्हणाले. "मानूस चांगला हाय. थोडा किंकर्तव्यमूढ हाय, पन चालंल."

सगळा मंडप खो खो हसला. कुणीही शेजाऱ्याला शब्दाचा अर्थ विचारला नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी तर "आमचा जावाय पन तसलाच!" असं ओरडली. दोन महिन्यांत तो शब्द गोडदेवच्या मासळीवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला होता आणि कुणीही तो चुकीचा वापरत नव्हता.

हरिश्चंद्ररावांचे कान पुन्हा लाल झाले. त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या नातीकडे पाहिलं, तिच्या शेजारी बसलेल्या रखमाबाईंकडे पाहिलं. मग खाली मान घालून त्यांनी माईक हातात घेतला.

"उपरोक्त विधानाशी," ते म्हणाले, "मी पूर्णतः सहमत आहे."